लॅपटॉपची खोड

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण निवृत्तीनंतर मन सारखं वळतं ते लातूरच्या एका साध्या चोरीच्या तक्रारीकडे. त्यातली मुलं आता आपापल्या कामाला लागली आहेत, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. देवणीकडचे एक शेतकरी आपल्या मुलाचा दंड धरून ठाण्यात आले. मुलगा इंजिनिअरिंगला होता आणि शिकवणी वर्गांच्या भागात खोली करून राहत होता. खोलीतून लॅपटॉप गेला, एवढं त्याने घरी फोनवर सांगितलं आणि वडील पहिल्या एसटीने निघून आले.

"गेमिंगचा लॅपटॉप हाय साहेब," वडील म्हणाले.

ठाणे अंमलदार हसले. "मग गेला ते बरंच झालं की काका. पोरगं पास तरी होईल."

"खेळायला न्हाई घेतला. नकाशे काढायला ताकदीची मशीन लागती म्हणं. लई इचारून, मधल्या भावातला घेतला. त्यासाठी गोठ्यातला खोंड इकला म्या."

अंमलदारांचं हसू थांबलं.

वडिलांकडे खबरही होती. घरमालकाने त्यांना सांगितलं होतं, की आदल्या दुपारी खोलीतला दुसरा मुलगा जड पिशवी घेऊन बाहेर पडला. हा दुसरा मुलगा चाकूरकडचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. मी त्याला बोलावलं. मैदानावरून तो तसाच आला, घामाने निथळत.

"पिशवीत काय होतं?"

"ज्वारी, साहेब. दळायला नेली होती."

गिरणीवाल्याकडे शिपाई पाठवला. ज्वारी खरी निघाली. पण गिरणीवर पोचण्याआधी पिशवीत आणखी काय होतं, हे गिरणीवाला कसं सांगणार? मुलाची मान खाली गेली. "साहेब, फिर्यादीत माझं नाव आलं तर चारित्र्य पडताळणीत दिसणार. माझी भरती संपली."

वडील मात्र ठाम होते. "ह्येच्याशिवाय खोलीत हायच कोण? नाव ल्ह्याच."

संशयित म्हणून नाव सांगितलं की लिहावं लागतं. त्याआधी मी तक्रारदार मुलाला एकट्याला समोर बसवलं आणि गेलेल्या वस्तूचं वर्णन विचारलं. ओळख पटवायला ते लागतंच.

तो बोलू लागला. लॅपटॉप फार जड आहे. पाठीवर घेऊन कॉलेजला जाताना खांदा भरून येतो. पंखा असा घरघरतो की वर्गात सगळे वळून बघतात. बॅटरी पहिला तास संपेपर्यंत दम तोडते आणि वर्गात प्लग फक्त भिंतीकडेला. मांडीवर घेतला तर चटके बसतात. खोलीवर यावं, तर ऐन कामाच्या वेळी लाईट नसते.

मी लिहिता लिहिता थांबलो. इतकी वर्षं चोरीच्या तक्रारी घेतल्या. वस्तू गेलेला माणूस वस्तूचे गुण सांगतो. खटारा मोटारसायकल गेली तरी मालक सांगतो, एका किकमध्ये चालू व्हायची. आपल्या चोरीला गेलेल्या वस्तूला एवढी नावं ठेवणारा तक्रारदार मी पहिल्यांदाच बघत होतो.

"त्यात चांगलं काहीच नव्हतं का रे?"

"आहे ना साहेब. टेबलावर ठेवून चार्जर लावला की नकाशे एकदम भारी निघतात. मशीन खराब नाही. मलाच…"

"आहे म्हणालास. कुठे आहे?"

तो रडायलाच लागला. वापरलेले संगणक विकणाऱ्या एका दुकानात त्याने लॅपटॉप विकायला ठेवला होता. आलेल्या पैशातून हलका, साधा घ्यायचा होता. "गावात पप्पांनी सगळ्यांना दाखवला साहेब. पहिल्यांदाच आमच्या घरातलं कुणी कॉलेजला गेलं. चुकीचा घेतला, हे कोणत्या तोंडानं सांगू? वाटलं, चोरी म्हटलं की गप बसतील. ते ठाण्यात येतील असं वाटलं नव्हतं."

मी रागावायला हवं होतं. खोटी तक्रार हा गुन्हा आहे. पण घरातून पहिल्यांदा कॉलेजला गेलेला मीही होतो. अख्ख्या घराचे डोळे एका पोरावर लागलेले असतात तेव्हा 'मला जमत नाही' हे वाक्य किती जड होतं, हे मला ठाऊक होतं.

लॅपटॉप आणवून वडिलांसमोर ठेवला. मुलाने सगळं सांगितलं. वडिलांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून जोखला आणि परत टेबलावर ठेवला.

"रडलालास कशाला? जनावर चांगलंच हाय. आपल्या कामाचं न्हाई, एवढंच. बाजारात खोंड घेतला अन् घरी आल्यावर खोड निघाली, तर आपुन काय करताव?"

"परत नेताव."

"त्यात लाज धरताव का कधी?"

"न्हाई."

"मंग लॅपटॉपची खोड मला सांगायला तुझी जीभ झडली व्हती? अन् ती झाकायला ह्या लेकरावर आळ येऊ दिलास?"

ते उठले आणि बाकावर बसलेल्या चाकूरच्या मुलापाशी गेले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "लेकरा, तुझं नाव म्याच घेतलं. चुकलं माझं."

मुलगा गडबडून उभा राहिला. "अहो काका, टोपी घाला आधी."

मग त्याने आपल्या सोबत्याकडे पाहिलं. "आज रात्री भाकरी तू थापायच्या. पीठ आणलंय मी."

वस्तू मिळाली, तक्रार नाही, अशी नोंद मी घेतली. मुलाला कडक समज दिली. घरमालकासमोर स्वतःच्या तोंडाने खरं सांगायला लावलं. गुन्हा नोंदवायला हवा होता असं काही सहकारी म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

सगळे निघाले, पण चाकूरचा मुलगा दारातून परत आला.

"साहेब, माझं नाव कुठे लिहिलेलं नाही ना?"

"नाही."

तो हलेना. मग मी नोंद त्याच्यासमोर फिरवून ठेवली. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि मग कुठे त्याचा श्वास मोकळा झाला.

चौकशी संपली की आमच्या लेखी माणूस सुटलेला असतो. तो स्वतःच्या लेखी केव्हा सुटतो, हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर निर्दोष माणसाला मी नुसतं 'जा' म्हणून कधी पाठवलं नाही.