करवलीची साडी

माझ्या बायकोने एकदा माझ्या मोठ्या बहिणीचे पाय धरून माफी मागितली. बारा-पंधरा बायका बघत होत्या. तिची चूक काहीच नव्हती. तिला माफी मागायला मी लावली. चूक माझी होती हे कळायला मला सात वर्षं लागली, आणि कळल्यावर तोंड उघडायला आणखी काही महिने. लिहून मन हलकं होतं म्हणतात. माझं होऊ नये असंच मला वाटतं.

मी बुलढाण्यात एका शाळेत शिक्षक आहे. लग्न झालं तेव्हा शाळेला अनुदान नव्हतं आणि पगार नावालाच होता. घरात नवं कापड दिवाळीला यायचं, तेही पुढे मुलगी झाल्यावर मुलीसाठी. पण माझी बायको कधी गबाळी दिसली नाही. माहेराहून, देऊळघाटहून, तिने एक शिलाई मशीन आणली होती. बाजारात गेली की ती दुकानाच्या काचेसमोर जरा थांबायची, आत जायची नाही. पुतळ्याच्या अंगावरचा गळा, बाही, घेर डोळ्यांत भरून घ्यायची आणि घरी येऊन जुन्याच कपड्यावर तो उतरवायची. लांब बाह्या आल्या तेव्हा तिने जुन्या ब्लाउजांना साडीच्या काठाची जोड दिली. बंद गळे आले तेव्हा गळे बंद केले. फॅशन म्हणजे दर दोन वर्षांनी बाही वरखाली होते, बाकी काही नसते, असं ती हसून म्हणायची.

तिला कापड मिळायचं ते आहेराच्या गठ्ठ्यातून. हा गठ्ठा आमच्याकडे घरोघर असतो. लग्नात, बारशाला, वास्तूला आलेल्या साड्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडतात आणि पुढच्या कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून निघतात. नेसत कुणीच नाही. एखादी साडी घडी न मोडता पाच-सहा घरं फिरते. सगळ्यांना हे माहीत असतं आणि सगळे दुकानातून नुकतीच आणल्यासारखा चेहरा करून ती देतात. माझी बायको त्यातल्या दोन-तीन साड्या काढून घ्यायची आणि त्यांचे कुर्ते, ड्रेस शिवायची. एकदा शेगावला दर्शनाच्या रांगेत एका अनोळखी बाईने तिच्या बाहीचा काठ बोटात धरून विचारलं, कुठल्या बुटीकमधून घेतला. बायको म्हणाली, घरचाच आहे. ही गोष्ट मी शिक्षक-खोलीत चार वेळा सांगितली असेन. कौतुक मिरवायला मी पुढे होतो. हळूहळू सहकाऱ्यांच्या बायका आपल्या जुन्या साड्या घेऊन यायला लागल्या. मुख्याध्यापकांच्या पत्नीने तर लग्नातला शालू आणून दिला. मशीन आतल्या खोलीतून पडवीत आली. शिवणकामाची पाटी कशी रंगवायची यावर आमच्या जेवताना गप्पा व्हायच्या.

माझी बहीण माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला सुलतानपूरला दिलेलं. आठवी ते दहावी मी तिच्या सासरी राहून शिकलो. तीन वर्षं तिच्या सासूचं बोलणं तिने माझ्या वाट्याचं ऐकून घेतलं. त्यामुळे तिच्यापुढे मी कधी मान वर केली नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. असं होतं एवढंच.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला सगळ्यांनी पिवळंच घालायचं, ही पद्धत आमच्याकडे तेव्हा नुकतीच आली होती. तसा निरोप मोबाइलवर आला आणि नातेवाइकांत पिवळ्या कपड्यांची खरेदी सुरू झाली. बायकोने गठ्ठ्यातून एक साडी काढली. हळदी रंग, वांगी रंगाचे काठ, पदरावर बारीक कोयऱ्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराची वास्तुशांती झाली तेव्हा बहिणीने दिलेली. मध्ये एकदा एका सहकाऱ्याच्या घरी आहेर न्यायचा म्हणून मीच ती वर काढली होती. तेव्हा बायको म्हणाली होती, ती नको, आणि तिने ती पुन्हा सगळ्यांत खाली ठेवली होती. का, ते मी विचारलं नाही.

त्या साडीचा तिने पायघोळ अनारकली शिवला. छातीवर पदराच्या कोयऱ्या, घेराला आणि मनगटांना वांगी काठ. आठ-दहा दिवस ती त्याच्यावर होती. घालून माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मी म्हणालो, नवरीपेक्षा तूच उठून दिसशील. हे माझेच शब्द.

दुपारी हळद होती. अंगणात मांडव, आणि मधल्या खोलीत बायकांची तयारी. मी दाराशी कुणाची तरी वाट बघत उभा होतो. बायको खोलीत शिरली तशा दोघी-तिघींनी तिला फिरवून पाहिलं. बहीण नवरीच्या केसांत फुलं माळत होती. तिने वर पाहिलं, काठ ओळखला आणि हातातली फुलं खाली ठेवली.

"मी देलेली साडी नेसाले नाही जमली व तुले," ती म्हणाली. "कैची लावाले मात्र जमली."

बायका हसल्या. एक म्हातारी मध्येच म्हणाली, अवं पण दिसते तं झ्याक. त्यावर आणखी हसल्या. बहीण हसली नाही. तिच्या जावा, नणंदा तिथेच होत्या. भावाच्या घरी माझ्या साडीची ही किंमत, असं काहीतरी ती पुटपुटली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. लेकीला पहिली हळद आईने लावायची, आणि आई उठेना. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. निदान मला तसं वाटलं.

मी उंबऱ्यातूनच बायकोला म्हणालो, "आताच्या आता ते अंगावरचं काढ अन् ताईचे पाय धर."

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडल्यासारखं केलं आणि मिटलं. मग ती खाली वाकली. "चुकलं माहं, ताई," म्हणाली. कुणीतरी दिलेली साडी नेसून मागच्या बाजूला जाऊन बसली. हळदीच्या एकाही फोटोत ती नाही. येताना गाडीत मी तिला समजावत होतो, की मोठ्या माणसांचं मन असतं, आणि आपलं काय, आपण शिकलेले. ती खिडकीबाहेर बघत होती. मी माझ्यावर खूश होतो, हेही आज लिहून टाकतो. तंटा वाढू दिला नाही म्हणून.

पुढच्या महिन्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. बायकोने तो ड्रेस देऊन स्टीलचा एक डबा घेतला. मी शाळेतून आलो, डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणालो, चांगला जाड आहे. त्यात अजून आमची तुरीची डाळ असते.

मुख्याध्यापकांच्या पत्नीचा शालू तिने न कापता परत पाठवला. कुणी कापड घेऊन आलंच तर डोळे दुखतात म्हणायची. डोळे दुखत नव्हते. मशीन पुन्हा आत गेली. मी तिच्यावर एक चादर टाकली आणि तिथे बसून पेपर तपासायला लागलो. उंची बरोबर होती. बायको गठ्ठ्यातली वरची साडी नेसायची, जी हाती येईल ती. मुलीच्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवली तेव्हा तिने तो शिंप्याकडे दिला. दुकानाच्या काचेसमोर ती थांबायची तिथे आता सरळ पुढे जायला लागली. आणि मला वाटलं, वयाप्रमाणे माणूस साधं होत जातं. एका निरोप समारंभात साध्या राहणीवर भाषण करताना मी तिचं उदाहरणही दिलं.

मागच्या दिवाळीत मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली. आमच्या लग्नाची जुनी कॅसेट तिने अमरावतीला कुणाकडून तरी मोबाइलवर उतरवून आणली होती. आम्ही तिघं बसून बघत होतो. माझा ढगळ कोट, बायकांच्या अंबाड्यांवरची प्लॅस्टिकची फुलं, एका काकूचा गॉगल, सगळ्यावर मुलगी हसत होती. मग मानपानाचा भाग आला. सासूबाई करवलीला, म्हणजे माझ्या बहिणीला, कुंकू लावून ओटीत साडी घालत होत्या. मुलीने चित्र थांबवलं.

"आई," ती म्हणाली, "आत्याच्या हातात तुझा तो ड्रेस आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. हळदी रंग, वांगी काठ. वरच्या घडीवर कोयऱ्या. बायको मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

माझ्या बहिणीला माझ्या सासूने लग्नात दिलेली साडी. ती बहिणीने बारा वर्षं घडी न मोडता ठेवली आणि आमच्याच वास्तूला आम्हालाच आहेर केली. दिलेली साडी तिच्या लक्षात होती, मिळालेली नव्हती. सासूबाई वास्तूच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या.

मुलगी उठून गेल्यावर मी बायकोला विचारलं, तुला माहीत होतं का.

"घडी उघडल्याबरोबर समजलं," ती म्हणाली. "फॉल आईच्या हातचा होता. करवलीनं मांडवातच नेसावी म्हणून रातभर बसून लावला होता तिनं. खामगावले लग्नाचा बस्ता फाडला तवा मलेच आवडली होती ती साडी. आई म्हने, करवलीले चांगली नाही देली तं तुले ऐकून घ्या लागन."

"मंग त्या दिवशी सांगतलं काऊन नाही?"

तिने जुडी बाजूला ठेवली. "सांगतलं असतं तं तुमच्या बहिणीची मान खाली गेली असती, तिच्या लेकीच्या हळदीत. अन् तुम्ही तं मले इचारलंच नाही. हुकूम देला."

मला आठवलं, तिने तोंड उघडून मिटलं होतं ते. त्या साडीवर तिने कात्री चालवली ती हलगर्जीपणाने नव्हे. आईची साडी अजून पाच-सहा घरं फिरू नये, एकदा तरी कुणाच्या अंगाला लागावी, म्हणून. आणि मी तिला ती अंगावरून काढायला लावली.

दोन दिवसांनी स्वयंपाकघरात चहा घेताना मी म्हणालो, माझं चुकलं, मला माफ कर. तिने गाळणी धुऊन जागेवर ठेवली.

"मी काय एकटीत मांगतली होती?" ती म्हणाली.

मग मी भलताच शूरपणा काढला. म्हणालो, ताईला फोन लावतो, कॅसेट दाखवतो, सगळ्यांना सांगतो साडी कुणाची होती. तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

"माह्या आईची साडी मधात आणू नका," ती म्हणाली. "ताईले या वयात उघडं पाडून मले काय भेटन? माफी मांगाची असन तं आपली मांगा. माह्या साडीवर मोठे होऊ नका."

फोन मी लावला नाही. होळीच्या सुमारास बहिणीच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. पुन्हा सुलतानपूर, पुन्हा तेच घर. जायच्या आधी चार दिवस मी पेपर तपासायला बसायचो आणि एकही तपासून व्हायचा नाही. मशीनवरची चादर मी काढली. बायकोने ती धुऊन पलंगावर घातली. मशीनला तिने हात लावला नाही.

मधल्या खोलीत बायकांची तयारी चालू होती. आता सगळ्यांना एकाच रंगाचं, पिस्ता की काय, घालायचं होतं. बायको राखाडी साडीत होती. खाली बसून मुलीच्या साडीच्या निऱ्या लावून देत होती, तोंडात दोन पिना. बहीण पलंगावर होती, गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसवत नाही. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक बायका त्या हळदीला होत्या. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते मलाही नीट ऐकू आलं नाही. बांगड्या, हसणं, कुणीतरी आरसा मागत होतं.

"काय म्हनते रे हा?" बहिणीने विचारलं.

बायकोने तोंडातल्या पिना हातात घेतल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आयकू नाही आलं. तवा तं मांडवातल्यायलेही आयकू गेलतं."

बायका माझ्याकडे वळल्या. मुलगी निऱ्या धरून तशीच उभी राहिली. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "त्या हळदीले ह्याच दारात उभं राहून मी हिले ताईचे पाय धराले लावले. हिची काही चूक नव्हती. आपल्या घरातली साडी हिनं शिवून घातली होती, अन् लय सुंदर शिवली होती. चूक माही होती. ताईची नाही, कोनाचीच नाही, माही. सगळ्यायसमोर मांगून राह्यलो. मले माफ कर."