सुग्रीव पेंटरचं जाड अक्षर

मंठ्यात सुग्रीव पेंटरचं अक्षर शेंबडं पोरही ओळखायचं. जाड, गोल, सरळसोट. वेलांटीला नखरा नाही, कान्याला बाक नाही, वरची रेघही कान्याइतकीच जाड. 'ठ' काढायचा तर पठ्ठ्या चहाची बशी फळ्यावर ठेवून गोल मारायचा. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांसाठी त्यानं रस्त्यावरच्या पाट्या याच अक्षरात केल्या, चालत्या टेम्पोतून म्हातारीलाही वाचता याव्यात म्हणून. लोक म्हणायचे, काय अक्षर आहे राव, लांबून हाक मारतंय!

त्याच्या प्रांजलीनं, कॉम्प्युटर शिकलेल्या लेकीनं, ही सगळी बाराखडी कॉम्प्युटरात चढवली; कुणीही टाईप केलं की बापाच्या अक्षरात निघणार. झालं, बाप फुगला! जालन्यातल्या फ्लेक्सवाल्यांना त्यानं ती फुकट वाटली. 'आपलं अक्षर जिल्हाभर जाऊ द्या की,' म्हणाला.

ते भुजंगशेठलाही आवडलं, तिथंच घात झाला. दुसऱ्याच्या जागेत 'ही जागा भुजंगशेठ यांची आहे' अशी पाटी ठोकायची आणि मागं चार टगे उभे करायचे, हा त्याचा धंदा. अशा दोन-तीन पाट्या सुग्रीवनं रंगवल्या. खोटं कशाला बोला, मुकाट्यानं रंगवल्या. मग त्या अक्षराचीच दहशत बसली. दूध डेअरीची पाटीसुद्धा बायका दचकून वाचायला लागल्या.

यंदा शेठची नजर दैवशालेच्या जागेवर गेली. दैवशाला ही सुग्रीवची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर त्याच तुकड्यावर शिलाई मशीन टाकून दोन पोरी वाढवत होती. भर दुपारी शेठ दुकानात आला आणि खुर्ची ओढून बसला.

"पेंटर, एक पाटी पाहिजे. जल्दी."

"किती लांबून वाचायची?" सुग्रीवनं सवयीनं विचारलं. ते कळल्याशिवाय तो अक्षराची जाडी ठरवत नसे.

"लांबून न्हाई. तुह्या बहिणीनं दार उघडलं की समोर दिसली पाहिजे."

सुग्रीवनं ब्रश खाली ठेवला. जन्मात पहिल्यांदाच तो शेठला तोंडावर म्हणाला, "न्हाई करणार. बोटं तोडली तरी न्हाई."

शेठ चिडला नाही. "बरं," म्हणाला आणि हसत उठला.

सुग्रीव तसाच बहिणीकडे धावला. "माह्या हातून तुही पाटी व्हणार न्हाई," असं पोरींच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. दैवशालेला रडू आलं. तिनं चहा केला.

सकाळी तिच्या दारासमोर पाटी उभी! फ्लेक्सची होती, ब्रश लागलेला नव्हता. पण तोच गोल, तीच जाडी. सुग्रीव पोचला तेव्हा सगळी गल्ली जमली होती.

"आईशप्पथ, मी न्हाई केली! कॉम्प्युटरवर निघती ही, कुणीबी काढतं!" तो ओरडत राहिला. कुणी वर बघेना.

दैवशालेनं पोरींना मागं ओढलं.

"दादा, काल माह्याच घरी चहा पिऊन गेलास. तवा तिकडं रंग वाळत होता का रे?"

आणि तिनं दार लावून घेतलं.