डबा जमिनीवर

अहमदपूरच्या पंपावरची ती आग पेट्रोल भरणाऱ्याच्या चुकीनं लागली, असं लोक अजून म्हणतात. ते खरं नाही.

नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळातली गोष्ट. डबा जमिनीवर ठेवून नळी त्याच्या काठाला टेकवल्याशिवाय तो भरणारा थेंब सोडत नसे. "डब्याला भुईच्या पाया पडू द्या की, मालक," म्हणायचा. आम्ही हसायचो.

विहिरीवरचं इंजिन पेट्रोलवाचून बंद होतं, गाव पाण्यासाठी खोळंबलं होतं. घाईत मी जीपमधल्या सतरंजीवरच डबा ठेवून नळी स्वतः धरली. सतरंजीमुळे डब्यात साठलेली वीज भुईत उतरली नाही; तिची ठिणगी पडून डब्याच्या तोंडाशी जाळ उठला. मी नळी ओढणार, तोच त्यानं माझं मनगट धरलं. "हलवू नका. खटका सोडा." मग पंपावरच्या पाण्याच्या माठाभोवतीचं ओलं गोणपाट त्यानं डब्यावर दाबलं.

डबा गार झाल्यावर त्यानं तो जमिनीवर ठेवला, नळी काठाला टेकवली.

"किती भरू, मालक?"