दानम्माच्या घरचा मुका सामना

उदगीरच्या त्या गल्लीत दानम्माची ओळख दोनच गोष्टींची. एक, किराणा दुकानवाल्या बसवंतची बायको. आणि दुसरी, न बोलणारी बाई. लग्नकार्यात पोळ्या लाटायला ती सगळ्यांत पुढं असायची, पण गप्पा सुरू झाल्या की भिंतीला टेकून नुसती ऐकत बसायची. "दानम्माला शब्द इकत आणावं लागत्यात," असं शेजारच्या केवळाबाई म्हणत. दानम्मा त्यावरही हसायचीच.

तिची लेक दामिनी लातूरला कॉलेजात होती आणि खो-खो खेळायची. यंदा ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. स्पर्धा म्हैसूरला होत्या, आणि सामने इंटरनेटवर थेट दिसणार होते. दामिनीनं हे फोनवर आईला सांगितलं, आईनं केवळाबाईंना सांगितलं, आणि केवळाबाईंना सांगितल्यावर गल्लीत आणखी कुणाला सांगायची गरज नसते. दुपारपर्यंत निम्म्या गल्लीनं सामना बघायला यायचं ठरवून टाकलं.

"येऊ द्या की," बसवंत म्हणाले. "पर बघणार कशावर? मोबाईल येवढासा, माणसं घरभर."

"टीव्हीवर," दानम्मा म्हणाली.

"आपला टीव्ही जुना हाय. त्याला कुठं इंटरनेट लागतंय?"

"कॉम्प्युटरला लागतंय न्हवं? कॉम्प्युटरमधलं टीव्हीत आणायचं."

बसवंतांनी तिच्याकडं जरा निरखून बघितलं. हा कॉम्प्युटर थोरला मुलगा अमरेश पुण्याला नोकरीला गेला तेव्हा आतल्या खोलीत ठेवून गेला होता. दुपारच्या वेळी त्यावर शिवणकामाचे व्हिडिओ बघून दानम्मा ब्लाउजचे नवे गळे शिकली होती, त्यामुळं माऊसशी तिचं जमत होतं. तिनं अमरेशला फोन लावला. तो म्हणाला, "अव्वा, एक एचडीएमआय केबल आण. दोन्ही तोंडं सारखीच असत्यात. एक कॉम्प्युटरला लाव, एक टीव्हीला. बास." दानम्मानं बाजारातून केबल आणली आणि बास म्हणजे किती, हे सामन्याच्या दिवशी कळलं.

पहिलं म्हणजे केबल पुरेना. टीव्ही बैठकीच्या भिंतीवर, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. बायका सतरंजीवर येऊन बसलेल्या. शेवटी बसवंतांनी आणि दानम्मानं कॉम्प्युटरचं टेबल ढकलत उंबऱ्यापर्यंत आणलं, तेव्हा कुठं केबलचं टोक टीव्हीला पोचलं. आता आत-बाहेर करायचं तर टेबलाखालून वाकून जावं लागत होतं. केवळाबाईंनी चहाला नको म्हणून सांगितलं.

टीव्हीवर काहीच नाही. दानम्मानं रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं, परत दाबलं. पडद्यावर एकदम निळं आभाळ आणि हिरवं माळरान आलं.

"हेच का म्हैसूर?" केवळाबाईंनी विचारलं.

ते कॉम्प्युटरचं मागचं चित्र होतं. सामना मात्र कॉम्प्युटरवरच चालू होता. दानम्मानं थोडा विचार केला. मग माऊसनं सामन्याची ती चौकट धरली आणि उजवीकडं ओढत नेली. चौकट कॉम्प्युटरच्या कडेला अर्धी गडप झाली, आणि गडप झालेला अर्धा भाग टीव्हीवर उगवला. आणखी ओढली, तसं अख्खं मैदान भिंतीवर येऊन बसलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दानम्मानं पदरानं कपाळ पुसलं.

पण आवाज येईना. रिमोटवर आवाज वाढवून झाला, केबल काढून परत घालून झाली. पोरी पळतायत, पंच हात वर करतोय, लोक ओरडतायत, आणि सगळं मुकं. बसवंत चष्मा लावून कॉम्प्युटरपुढं बसले. "तुमी बघा, मी शोधायलोय," म्हणाले.

"ह्या पोरी बसल्यात कशाला?" एकीनं विचारलं.

"आन् आपली दामिनी कुठली? सगळ्याच येकसारख्या," केवळाबाई म्हणाल्या.

समजावून सांगायला दुसरं कुणीच नव्हतं, तेव्हा दानम्मा बोलली.

"बसलेल्या हायत त्या समोरच्या संघाच्या. त्या पकडणार. आपल्या पोरी तीन-तीन करून आत येत्यात, त्यांनी पळायचं. दामिनी दुसऱ्या तुकडीत हाय. आता बघा, ही पकडणारी मागं वळू शकत न्हाई. तिला बसलेलीला खो द्यावाच लागतोय. म्हणून आपल्या पोरीनं तिला हुलकावणी द्यायची... हां, दिली."

दुसरी तुकडी आत आली. दामिनीसोबतच्या दोघी लवकर बाद झाल्या. दानम्मा आता उभीच राहिली होती.

"येकटी राहिली. काही बिघडत न्हाई. आता ती साखळी धरंल. बसलेल्या दोघींच्या मधून आत, मग बाहेर, परत आत. पायाकडं बघू नका, खांद्याकडं बघा. खांदा डावीकडं दावती आन् जाती उजवीकडं. खांबाजवळ जाऊ नगं गं बाई, तिथं ती सूर मारंल... मारला. सुटली. सुटली पोरगी."

सतरंजीवरच्या सगळ्या बायका गुडघ्यांवर आल्या होत्या. आणि नेमका त्याच वेळी बसवंतांना कोपऱ्यातलं भोंग्याचं चिन्ह सापडलं. त्यावर टिचकी मारल्यावर टीव्हीचं नाव दिसलं, ते त्यांनी निवडलं, आणि घरात इंग्रजी कॉमेंट्रीचा एकच गलका उठला.

"आला आवाज," बसवंत अभिमानानं म्हणाले.

"बंद करा ते," केवळाबाई म्हणाल्या. "दानम्मा सांगायली तेच समजतंय आम्हाला."

बसवंतांनी निमूटपणे आवाज बंद केला आणि टेबलाखालून वाकून तेही सतरंजीवर येऊन बसले. दामिनीचा संघ दोन गुणांनी जिंकला.

बायका गेल्यावर टेबल मागं ढकलताना ते म्हणाले, "तुला हे समदं कुठून म्हाईत?"

"खेळायची की मी. देगलूरकडं शाळेत होते तवा. जिल्ह्याला गेलता आमचा संघ."

"इतक्या वर्षांत बोलली न्हाईस."

"विषयच निघाला न्हाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता. पण नंतर भाकरी थापताना ती आपणहून सांगत बसली: पायात काटा मोडला तरी ती कशी पळत राहिली, जिंकून आल्यावर मास्तरांनी सगळ्यांना उसाचा रस कसा पाजला. बसवंत ताट पुढ्यात घेऊन ऐकत राहिले. भाकरी गार झाली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या सामन्याला गल्ली आणखी वाढली. तो सामना दामिनीचा संघ हरला. दानम्मानं हरण्याचं कारणही सांगितलं, आणि केवळाबाईंनी ते दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत जसंच्या तसं सांगितलं.

दामिनी घरी आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या आईची कॉमेंट्री करून दाखवू लागल्या. दामिनीला खरं वाटेना. तिनं आईला कॉम्प्युटरपुढं बसवलं, हरलेला सामना लावला आणि म्हणाली, "सांग आता, कुठं चुकले मी?"

दानम्मानं व्हिडिओ थांबवला. "हितं. हितं तू खाली बसून पाय सरकवायला पायजे होता."

"अव्वा, ते मातीवर. आता मॅट असती, बूट असत्यात. तसा पाय सरकवला तर घोटाच मोडंल."

"मग तुम्ही वळता कसं?"

दामिनी उठली, तिथली तिपाई बाजूला सारली आणि वळून दाखवलं. दानम्मानं पदर खोचला, दोन पावलं मागं गेली आणि तसंच वळून बघितलं. पहिल्यांदा भिंतीला हात टेकावा लागला. दुसऱ्यांदा नाही लागला.