मधल्या लाकडाची वाटणी

सासऱ्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी पंच बसले. रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात भाऊ वेगळे व्हायचे म्हणजे पंच बसायचेच. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती, आमच्या घरात आता प्रत्येकाला स्वतंत्र व्हायचं होतं. घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली, जाळी वाटली गेली, बोंबील वाळवायच्या काठ्यासुद्धा वाटल्या. पाटा ज्याच्याकडे त्याच्याकडेच वरवंटा जावा, एवढी अक्कल मात्र पंचांनी दाखवली.

होडी तेवढी अखंड राहिली. दोघांनी मिळून तिच्यावर जायचं आणि म्हावरं निम्मं निम्मं घ्यायचं. आणि देखभाल? होडीची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. धाकटा म्हणजे माझा नवरा. मोठा न्याय केला म्हणून पंच चहा पिऊन उठले.

मला लिहितावाचता येतं म्हणून हे लिहून ठेवते आहे. वाड्यात कुणालाही विचारा, या होडीचं असं का झालं, तो म्हणेल, नशीब. मी ते नशीब मानत नाही. माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. मालक ओरडला की तो जेवता जेवता उठायचा, हे मी पाहिलेलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाचे नाकडोळे मी विचारले नाहीत, घरची होडी आहे का एवढंच विचारलं. होती. ती राहावी आणि नवऱ्याला दुसऱ्याची पायरी चढायची वेळ येऊ नये, याहून जास्त मी देवीकडे कधी मागितलं नाही.

लाकडाची होडी खाऱ्या पाण्यात राहिली की तिच्या तळाला कालवं धरतात, शेवाळ धरतं. तेवढंच असतं तर घासून निघालं असतं. खरी वैरीण कीड. ती शिरते तिथे भोक दिसतं मोहरीएवढं, आत मात्र बोट जाईल असे बोगदे. म्हणून अधूनमधून उधाणाच्या भरतीला होडी खाडीच्या काठावर चढवायची. पाणी ओसरलं की ती एका कुशीवर कलते. वर आलेली बाजू घासायची, सुक्या झावळ्या पेटवून चांगली शेकायची म्हणजे आतली कीड मरते, फटींत राळेत भिजवलेला कापूस ठोकायचा आणि वरून चुना-तेलाचा लेप द्यायचा. मग होडी दुसऱ्या कुशीवर. सगळं उधाण उतरायच्या आत आवरायचं, नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत होडी चिखलात बसून राहते.

लेप आम्ही बायका कुटायचो. चुन्यात माशाचं तेल घालून हात भरून येईपर्यंत कुटायचा. पूर्वी मी आणि जाऊ एकाच उखळाशी समोरासमोर बसायचो. आता दोन उखळं झाली. ती किती कुटते याकडे माझा कान असायचा आणि माझ्याकडे तिचा. थोरल्याने एक हात दिला की माझा नवरा दोन द्यायचा. होडी कधी नव्हे एवढी नटली. लोक मुद्दाम बघायला यायचे, कुणाची बाजू जास्त पांढरी यावर पैजा मारायचे. आणि हे दोघे मूर्ख फुशारायचे.

पण होडीला मधलंही एक लाकूड असतं. पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं. होडीचा सगळा भार त्याच्यावर. ते ना डावं, ना उजवं. होडी कुठल्याही कुशीवर कलली तरी त्याची खालची बाजू चिखलातच राहते. ती शेकायची तर दहाबारा जणांनी खांदा लावून होडी उचलायची आणि खाली ओंडके सारायचे. त्यासाठी हाक मारायची ती मालकाने, अशी आमच्याकडची रीत. दुसऱ्या कुणाच्या हाकेला कुणी खांदा देत नाही. सासरे काठावर उभे राहून हाक मारायचे आणि माणसं हातातलं काम टाकून यायची. आता मालक दोन. हाक मारायची तर आधी एकाने दुसऱ्याशी बोलायला हवं होतं. समुद्रात दोघं कामापुरते बोलत. ‘वढ’, ‘सोड’, ‘शीड उतरव’. पाय जमिनीला लागले की तेवढंही बंद.

“मधलं लाकूड शेकलं न्हाय,” मी नवऱ्याला म्हटलं.

“दादाला दिसत न्हाय काय? थोरला हाय तो. त्यानं हाक मारावी.”

“तुमी मारा की.”

“मी मारली म्हंजे मी नमलो.”

थोरल्या दिरापुढे तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती, म्हणून विहिरीवर जावेला गाठलं. ती घागर न उतरवताच म्हणाली, “धाकट्यानं यावं. बापाचं सगलं आमीच केलं, आता होडीपन आमीच उचलायची व्हय?”

होडीच्या सुताराने त्या लाकडात दाभण टोचून पाहिलं. ते मुठीपर्यंत आत गेलं. तो आधी थोरल्याकडे गेला, मग आमच्याकडे आला. दोन्ही घरांत त्याला एकच उत्तर मिळालं, “त्याला जाऊन सांग.” सुतार मान हलवत निघून गेला. त्या उधाणाला होडी तशीच पाण्यात गेली. पुढच्यालाही तशीच. मी रोज डोकं आपटत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या वर्षी दिवाळी उलटल्यावर, बोंबलाने भरलेली होडी ओहोटीच्या वेळी खाडीत शिरत होती. मुखाशी रेतीचा उंचवटा आहे, तिथे तळ लागला. तो नेहमीच लागायचा. या खेपेला मधलं लाकूड मोडलं, फळ्या उकलल्या आणि पाणी आत आलं. मागच्या होडीने सगळ्यांना ओढून घेतलं. माणसं वाचली, हे देवीचे उपकार.

दोर लावून होडी काठावर आणली तेव्हा थोरल्या दिरांनी हाक मारली. एवढे दिवस घशात अडकलेली हाक त्या दिवशी किती सहज निघाली! वाडा धावला. माझ्या नवऱ्यानेही खांदा दिला. होडी उचलली गेली आणि सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. लाकूड कसलं, मधाचं पोळं होतं ते. हाताने दाबलं की भुगा पडत होता. दोन्ही बाजू मात्र पांढऱ्याशुभ्र. सुतार म्हणाला, हे लाकूड बदलायचं म्हणजे होडीच नवी बांधायची. थोरले दीर तिथेच चिखलात बसून रडले. नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी नाही लावला.

इंजिनाच्या होड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. तसल्या एका होडीवर दोघेही खलाशी म्हणून लागले. मग एके दिवशी भाकरी घेऊन मी काठावर गेले, तर मालकाची होडी ओंडक्यांवर चढवलेली. खाली उताणे पडून दोघे भाऊ मधल्या लाकडाला मुंबईहून आलेला लाल रंग लावत होते. एक या अंगाने, एक त्या अंगाने. “दादा, हितं ऱ्हायलं बघ,” नवरा म्हणाला. दादांनी हात लांबवून तेवढी जागा भरली, आणि दोघे कशावरून तरी हसले. मालकाने वरून आवाज दिला तसे गप्प झाले.

होडी फुटली त्या दिवशी आला नव्हता एवढा संताप मला तेव्हा आला. भांडण राहिलं असतं तर निदान ते खरं होतं असं तरी म्हणता आलं असतं. वाड्यात सगळे म्हणायचे, होडी गेली पण भाऊ जुळले, भाऊ असावेत तर असे. जाऊही येता-जाता माझ्याशी गोड बोलू लागली. मला ते ऐकवत नव्हतं.

संध्याकाळी नवरा भावाला घेऊनच घरी आला. “दादा आज हितंच जेवंल,” म्हणाला. दोघे मांडीला मांडी लावून बसले आणि मालकाच्या इंजिनाचं कौतुक करत जेवले. मी वाढलं. भाकरी संपली तशी दुसरी घातली, कालवण घातलं. आग्रह मात्र केला नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.