मिठाचे शंभर टक्के

माझी थोरली बहीण शिवणकाम करते आणि अर्धवट काम तिला खपत नाही. एक बटण लावायचं राहिलं तरी घास गोड लागत नाही तिला. या गुणापायी आम्ही कसे मेटाकुटीला आलो, ते सांगते.

ताईला मोतीबिंदू झाला. सुईत दोरा मी ओवून द्यायचे आणि ती बोटांनी चाचपत शिवायची. असंच चाललं तर मशीन विकावं लागणार, या धास्तीने ती खंगली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी रक्ताचं प्रेशर खाली आणा, मीठ कमी करा, पाकिटामागचं वाचून खा. झालं! ताईने भिंग आणलं आणि घरातलं एकही पाकीट वाचल्याशिवाय सोडलं नाही; कशात दिवसाच्या प्रमाणाचे किती टक्के काय आहे, याची ती रोज बेरीजच मांडायची.

तरी प्रेशर ढिम्म हलेना. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. मीच तिला गुपचूप मीठ चारतेय, अशा नजरेने डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बघते, तर बाईसाहेब खारी बिस्किटं कराकरा खातायत.

"अगं, हे काय?"

"दिवसभरात मीठ साठ टक्केच झालंय," ती शांतपणे म्हणाली. "शंभर भरायला नकोत?"

मी कपाळाला हात लावला. लोह, कॅल्शियम यांचे शंभर भरायचे, हे तिला बरोबर कळलं होतं. तोच न्याय तिने मिठालाही लावला होता.

"ताई, मिठाचे शंभर म्हणजे कुंपण. त्याच्या आत राहायचं. गिऱ्हाइकाने चार मीटर कापड दिलं म्हणून तू चारही मीटर कापतेस का?"

"मग दोन्ही आकडे एकाच रांगेत कशाला छापतात मेले?" ती फणकारली.

बिस्किटं बंद झाली, प्रेशर उतरलं, ऑपरेशनही झालं.

पट्टी निघाल्यावर डोळ्यात घालायचे थेंब आणायला आम्ही कोपऱ्यावरच्या औषधवालीकडे गेलो. ताई तिच्या पांढऱ्या कोटाकडे बघतच राहिली. खिसा चांगला बोटभर तिरका.

"कोणी लावला हा?"

औषधवाली घुटमळली. "तुम्हीच. मागच्या हिवाळ्यात."

"आणि बोलली नाहीस?"

"पेन राहतं की त्यात."

ताईचा चेहरा पार उतरला. मग ती मागे वळून रांगेतल्या बायकांना म्हणाली, "माझ्याकडचं अजून कोणी घातलंय?"

दोघींनी आपल्या बाह्या हळूच पाठीमागे घेतल्या.