पद्मावतीची बोली

पद्मावती मगदूम अबोल आहे, असं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या अख्ख्या गल्लीचं मत होतं. हे मत पसरवलं होतं तिच्या नवऱ्यानं. घरी कोणी आलं की जिनेंद्र मगदूम सर कौतुकानं सांगायचे, "आमच्या हिला बोलण्याची फारशी आवड नाही." पद्मावती मान हलवायची आणि आत चहाचं आधण ठेवायला निघून जायची.

आवड नाही म्हणे. कुरुंदवाडात, माहेरी, तिच्या तोंडापुढं कोणाची टाप नव्हती. घाटावर धुणं धुताना ती गोष्ट सांगायला लागली की बायका पिळे तसेच हातात धरून उभ्या राहायच्या. तिची आई, आव्वा, काळजीनं म्हणायची, "हिला कुनाच्या घरात द्यायची? दोन दिसांत सासू पळून जाईल की." सासू कुठं गेली नाही. पोरीचं बोलणं मात्र गेलं, आणि ते कसं गेलं ते सांगितलं पाहिजे.

मगदूम सरही कुरुंदवाडाजवळच्याच शिरोळ भागातले, नदीकाठच्या मळीच्या रानात वाढलेले. कॉलेजात असताना त्यांनी नाटकात राजाचं काम केलं. रुबाबात रंगमंचावर आले, मुठीत तलवार, आणि गरजले, "कोन हाय तिकडं?" प्रेक्षागृहात जो हशा पिकला तो पडदा पडेपर्यंत थांबला नाही. पुढच्या प्रत्येक वाक्याला पोरांनी "हाय, हाय" करून साथ दिली. सर त्यानंतर कधी रंगमंचावर चढले नाहीत. त्यांनी स्वतःची जीभ खरवडून काढली, मराठीचे शिक्षक झाले आणि शाळा सुटल्यावर 'शुद्ध वाणी वर्ग' चालवू लागले. ज्या लोकांनी त्यांना हसून खाली बसवलं त्या लोकांचं त्यांनी काही वाकडं केलं नाही. ते सगळं त्यांनी घरात आणलं.

लग्नाला महिनाही झाला नसेल, मुख्याध्यापक घरी आले. पद्मावती दारात येऊन आदबीनं म्हणाली, "पानी आनू का सायबास्नी?" सर रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. ते पाहुण्यांकडे बघून हसले, आणि पाहुणेही हसले. पाहुणे गेल्यावर सरांनी तिला समोर बसवलं आणि खडीसाखरेचा एक बारका खडा तिच्या टाळूला चिकटवला. वर्गातल्या पोरांसाठी त्यांनी काढलेली ही युक्ती होती. जीभ मागं वळवून खड्याला लावायची आणि 'ण' म्हणायचं. पोरांना त्यात गंमत वाटायची. वीस-एकवीस वर्षांची नवी नवरी मात्र तोंड उघडं टाकून "पाणी, पाणी" म्हणत बसली, आणि डोळ्यांतलं आणि तोंडातलं दोन्ही गिळत राहिली.

मग हे नेहमीचं झालं. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. सर लगेच भुवया चढवून विचारायचे, "तू काय पुरुष आहेस?" असं चारचौघांत झालं की ती दिवसभर गप्प. हळूहळू तिनं सवय लावून घेतली. वाक्य आधी मनात धुवायचं, पिळायचं, घडी घालायची आणि मग बाहेर काढायचं. तोवर बोलणं भलतीकडेच गेलेलं असायचं. म्हणून मग ती काढायचीच नाही. मुलगा अरिहंत बापाच्या मराठीत वाढला आणि पुढं बंगळूरला जाऊन इंग्रजीत गेला. त्याला आई म्हणजे "जेवलास का" आणि "जपून जा", एवढंच माहीत.

दिवस मावळायच्या आत दोघं जेवायला बसायचे. भाजी कशी झाली हे सर सांगायचे, आज वर्गात कोण काय चुकलं हेही सर सांगायचे. पद्मावती वाढायची. सरांना हा संसार फार सुखाचा वाटायचा, आणि त्यात खोटेपणा नव्हता. माणसाला सुख वाटत असलं की तो दुसऱ्याला विचारत नाही.

तिला एकच जागा उरली होती. निवृत्त झालेले सर दुपारी तीनला शाहूपुरीतल्या हॉलवर वर्ग घ्यायला गेले की तिची थोरली बहीण राजमती, राजाक्का, कुरुंदवाडहून फोन करायची. पद्मावती स्वयंपाकघरात फरशीवर पाय पसरून बसायची, फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायची आणि भाजी निवडता निवडता बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, गोष्टींपासून सुटायची.

"आक्का, काल बस्तीत काय झालं सांगतो तुला. चौगुलेकाकींनी ताट वाढून घेतलं, भात कालवला, आन् मग आठिवलं, आज उपास हाय म्हनून. तशीच बसून ऱ्हायली बाई. उठंना बी आन् जेवंना बी. मी म्हटलं, काकी, भाताकडं बघू नका, भात तुमच्याकडं बघालाय."

राजाक्का तिकडं खोकला येईपर्यंत हसायची. नदीला पाणी चढलं, कोणाच्या गोठ्यापर्यंत आलं, कोणाची सून कोणाशी भांडली, सगळं व्हायचं. त्या दोन तासांत पद्मावती माणसात यायची. पाच वाजता फाटक वाजलं की फोन बंद, पदर नीट, आणि दार उघडून, "आलात? पाणी आणते."

गेल्या वर्षी ज्योतिबाच्या रस्त्याला एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं. मुंबईची मंडळी, पण गोष्ट कोल्हापूरची. त्यात थोरल्या पाटलाचं काम करायला एक वयस्क माणूस हवा होता. सरांचा जुना विद्यार्थी यशराज तिथं दिग्दर्शकाच्या हाताखाली होता, त्यानं सरांचं नाव सुचवलं. निरोप आला त्या दिवशी सर जेवले नाहीत. पद्मावतीनं त्यांना आरशासमोर मिशीवर बोट फिरवताना पाहिलं, आणि तिला त्यांची दयाच आली. चाळीस वर्षं ते या एका हाकेची वाट बघत होते, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत होतं?

परीक्षा द्यायला गेले ते तासाभरात परत आले. दिग्दर्शक तिशीतलं पोर. त्यानं संवाद ऐकून घेतला आणि सांगितलं, "सर, तुम्ही बातम्या वाचताय. मला इथल्या मातीतला माणूस पाहिजे." यशराजनं मध्ये पडून आठवड्याभरानं पुन्हा बघायचं कबूल करून घेतलं.

सर कागद घेऊन खोलीत येरझारा घालू लागले. तो कागदही काय वर्णावा. कोणीतरी मुंबईत बसून कोल्हापुरी लिहिली होती. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'की रं', दर ओळीत 'लई भारी', आणि जिथं काही सुचलं नाही तिथं 'नादखुळा'. ती भाषा कोणाच्याच आईची नव्हती. आणि ती भाषासुद्धा सरांच्या तोंडात बसेना. 'न्हाय' म्हणायला जायचे आणि तोंडातून स्वच्छ 'नाही' निघायचं. खरवडलेल्या जागी काही उगवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "अगं, तू जरा बोल ना. पूर्वी बोलायचीस तसं."

पद्मावतीच्या हातातलं लाटणं थांबलं. खोटं कशाला सांगा, तिला आतून आनंदच झाला. एवढ्या वर्षांनी हा माणूस आपल्याला 'बोल' म्हणतोय. तिनं तोंड उघडलं. समोर सर वही-पेन घेऊन उभे होते, मान तिरकी करून, चूक पकडायला जशी करायचे तशीच.

"काय बोलू?" ती म्हणाली.

"काहीही. पाणी म्हण."

"पाणी."

"तसं नाही गं."

"पाणी," ती पुन्हा म्हणाली. टाळूला जीभ लागलीच.

सर वैतागले. "एक साधा शब्द तुला धड म्हणता येत नाही," म्हणाले, आणि निघून गेले. पद्मावती पोळी लाटत राहिली. ती पोळी तव्यावर जाईपर्यंत फाटली.

दुसऱ्या दिवशी सर वर्गाला गेले तेव्हा त्यांचा मोबाईल फ्रिजवर पालथा राहिला होता. विसरले असतील, असं वाटून तिनं तो हलवलाही नाही. तीनला राजाक्काचा फोन आला. पद्मावतीनं आदल्या दिवसाची सगळी कथा सांगितली. सरांची नक्कल केली, त्यांच्या 'नादखुळा'ची नक्कल केली. दोघी खूप हसल्या. हसता हसता पद्मावतीचा आवाज खाली आला.

"हसतो म्हनून वाईट वाटून घिऊ नगंस, आक्का. पर खरं सांगतो. ह्या घरात येऊन एवढी वर्सं झाली, मी कवा मन मोकळं करून बोललो न्हाय बघ. हितं मी पावनीच हाय."

 तिकडून राजाक्का हळूच म्हणाली, "मला ठावं हाय गं." तेवढंच. पण एवढ्या वर्षांत हे वाक्य पद्मावतीच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं, आणि ते काढल्यावर तिला हलकं वाटलं. त्या संध्याकाळी तिनं सरांच्या आवडीची वांग्याची भाजी केली.

दोन दिवसांनी दुपारी ती बाजारातून परतली. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून तिचाच आवाज येत होता. ती पिशवी हातात धरून उभी राहिली. फ्रिजवरचा पालथा मोबाईल तिला आठवला. तिचा आवाज थांबला आणि सरांचा सुरू झाला.

"ह्या घरात येऊन एवढी वर्षं..." थांबले. "वर्सं. वर्सं झाली." पुन्हा तिचा आवाज, पुन्हा त्यांचा. "मी कवा मन मोकळं करून बोललो न्हाय. न्हाय बघ. हितं मी पावनाच हाय." त्यांनी पावनीचा पावना करून घेतला होता, थोरल्या पाटलाला शोभेल असा. पुन्हा म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिचा उसासासुद्धा जिथल्या तिथं टाकून बघितला.

पद्मावतीला आधी लाज वाटली, मग आशा वाटली. आशेचं हे असंच असतं, तिला वेळकाळ कळत नाही. तिला वाटलं, इतक्यांदा म्हणतायत, एखाद्या वेळी तरी कानात शिरेल. एखाद्या वेळी तरी थांबतील, मोबाईल खाली ठेवतील, आणि विचारतील, हे कोण बोलतंय आणि कोणाविषयी? ती दाराशी थांबून राहिली. पिशवीच्या बंदांनी तिची बोटं पांढरी पडली.

सरांनी दार उघडलं ते लहान पोरासारख्या उजळलेल्या चेहऱ्यानं. "बरं झालं आलीस. ऐक." आणि तिच्या तोंडावर, तिच्या डोळ्यांत बघून, त्यांनी तिचं दुःख तिला म्हणून दाखवलं. एकही अक्षर चुकलं नाही. "जमलं ना? सांग ना, जमलं?"

"तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय का?" तिनं विचारलं.

"अर्थाचं नंतर बघू. आधी नाद पकडायचा असतो." हे ते वर्गातल्या प्रत्येक पोराला सांगायचे.

 घाटावरच्या सगळ्या शिव्या पद्मावतीच्या पोटातून वर आल्या, एकेक अशी होती की ऐकणाऱ्यानं दोन दिवस तोंड दाखवू नये. तिनं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं, "माझं खासगी बोलणं तुम्ही चोरून ऐकलंत. हे तुम्ही अजिबात योग्य केलं नाहीत."

'ण' टाळूला लागला होता. 'नाहीत'चा 'ह' स्वच्छ होता. सरांनी सवयीनं मान डोलावली. वाक्य बरोबर होतं. मग म्हणाले, "अगं, रागावतेस काय? तुझ्याच बोलण्यामुळे हे काम मिळणार आहे मला. तुला अभिमान वाटायला हवा."

काम मिळालं. दिग्दर्शक म्हणाला, आता कसं, अस्सल माणूस आला. बस्तीत सरांना शाल दिली. तिथं भाषणात सरांनी सांगितलं की बोली ही रक्तातच असावी लागते, ती शिकवून येत नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या पद्मावतीला शेजारणीनं कोपर मारून विचारलं, "तुम्ही तर घरात रोज ऐकत असाल न्हवं हे?" पद्मावतीनं मान हलवली.

ती ध्वनिफीत पुसून टाका, असं तिनं सांगून बघितलं. सर म्हणाले, मालिका संपली की पुसतो, तोवर सराव लागतो. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं, म्हणाले, "उलट थोडं थोडं बोलत राहा तुझ्या आक्काशी. मला पुढच्या भागांना उपयोगी पडेल." आता ते मोबाईल फ्रिजवर सांगून ठेवत होते.

तीन वाजले. फोन वाजला. पद्मावती फरशीवर बसली, भाजीची जुडी पुढ्यात घेतली. फ्रिजकडे तिनं बघितलं. सर आज मोबाईल बरोबर घेऊन गेले होते, तिथं काही नव्हतं. तरी तिनं वाक्य मनात धुतलं, पिळलं, घडी घातली.

"पदमे, काय करालीस गं?" राजाक्का म्हणाली.

"काही नाही, आक्का. भाजी निवडते आहे."

 राजाक्काच्या मागं कुठंतरी कोंबडं ओरडत होतं, ते ऐकू येत होतं. पद्मावतीनं जीभ दातांमागं आणून बघितली, पुन्हा प्रयत्न केला. "तू कशी आहेस? पाणी ओसरलं का नदीचं?"

राजाक्का परक्या माणसाशी बोलतात तशी सावरून बोलली. "कोन बोलतंय? जरा पदमीला फोन द्या की."

पद्मावतीनं हातातली काडी खाली ठेवली.

"ती घरी नाही," ती म्हणाली.